संस्थेतला काटा आणि मिल्कोमीटर: दूध संकलन संच घ्यावा का, आणि घेतला तर कसा वापरावा

कोल्हापूर जिल्ह्यात उसाचं बिल हंगामात येतं, पण किराणा, पेंड, पोरांची फी आणि सोसायटीचा हप्ता चालतो तो दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर. दोन म्हशी आणि एखादी गाय असलेला उत्पादक सकाळ-संध्याकाळ गावच्या दूध संस्थेत तीन-चार लिटर दूध घालतो. ते दूध पुढे जिल्हा दूध संघाच्या टँकरमधून मुंबई-पुण्याला जातं. या साखळीत चिलिंग, वाहतूक, पॅकिंग, कमिशन अशी पुष्कळ टप्प्यांवर पैशाची वाटणी होते, आणि त्यातल्या बहुतेक टप्प्यांवर लहान उत्पादकाला काही बोलता येत नाही. एका टप्प्यावर मात्र तो स्वतः समोर उभा असतो: गावच्या संस्थेतलं माप आणि फॅट, म्हणजे दुधातला स्निग्धांश. तिथं चुकलेलं पुढं कुठंच दुरुस्त होत नाही. म्हणून हे परीक्षण त्या टेबलावरच्या संचाचं आहे: इलेक्ट्रॉनिक काटा, दुधाची प्रत मोजणारा मिल्कोमीटर, नमुन्यातली हवा काढणारा स्टरर, संगणक किंवा डेटा युनिट आणि पावती काढणारा प्रिंटर. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी भाग तेच आणि दुखणीही तीच.

निर्णय आधीच सांगतो. संच घेण्यासारखा आहे. हातानं लिहिलेल्या रजिस्टरपेक्षा तो कितीतरी बरा. पण बसवून सोडून दिला तर तो चुकीचा आकडा जास्त वेगानं आणि छापील अक्षरात देतो, आणि छापील आकड्याशी वाद घालायला माणूस कचरतो.

काट्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात स्वस्तात सुधारणा इथं होते. काट्याच्या पाटीवर चार गोष्टी छापलेल्या असतात: कमाल वजन, किमान वजन, ‘ई’ म्हणजे पडताळणीचा टप्पा (काटा जितक्या-जितक्या ग्रॅमच्या पायरीनं मोजतो असं पडताळणीत धरतात ती पायरी), आणि अचूकतेचा वर्ग. संस्थेतले काटे साधारण तिसऱ्या वर्गाचे. या वर्गाचा नियम असा की किमान वजन ‘ई’च्या वीसपट असतं. म्हणजे १०० ग्रॅमच्या, म्हणजे ‘ई’ १०० ग्रॅम असलेल्या, काट्यावर २ किलोच्या खालचं वजन करणं मुळातच त्या काट्याच्या कक्षेबाहेरचं. आटत आलेल्या म्हशीचं दीड लिटर दूध घेऊन येणाऱ्या माणसासाठी तो काटा बनलेलाच नाही. १० ग्रॅमच्या काट्यावर हीच मर्यादा २०० ग्रॅमवर येते. पडताळणीच्या वेळी मान्य असलेली चूकही तशीच बदलते. १०० ग्रॅमच्या काट्याला ५० किलोपर्यंत अधिक-उणे ५० ग्रॅम, तर १० ग्रॅमच्या काट्याला ५ किलोपर्यंत अधिक-उणे ५ ग्रॅम. तीन किलोच्या दुधावर पहिली चूक दीड टक्क्याच्या वर जाते, दुसरी नगण्य राहते.

काटा जवळच्या टप्प्याला वर-खाली दोन्हीकडं वळवत असेल तर वर्षभरात बरंचसं फिटतं. खरा तोटा होतो तो आकडा नेहमी खालीच तोडला जातो तेव्हा, मग ते सॉफ्टवेअर तोडो की लिहिणारा. सरासरी ५० ग्रॅम एका पाळीला गेले, तर दोन पाळ्या आणि ३६५ दिवस मिळून साडेछत्तीस किलो, म्हणजे सुमारे ३५ लिटर दूध. लिटरला ५० रुपये धरले तर एका उत्पादकाचे साडेसतराशेच्या आसपास. शंभर सभासदांच्या संस्थेत हे साडेतीन हजार लिटर होतात, आणि ते संस्थेच्या हिशोबात ‘वाढ’, म्हणजे नोंदीपेक्षा जास्त निघालेलं दूध, म्हणून दिसतात. शेतकरी संघटना दूध संकलनाला १० ग्रॅमचाच काटा मागतात त्यामागं हे गणित आहे, आणि मागणी रास्त आहे.

खरेदी करताना एक बारकावा लक्षात ठेवा. तिसऱ्या वर्गाच्या काट्याला जास्तीत जास्त दहा हजार टप्पे मिळतात. म्हणजे १० ग्रॅम हवे असतील तर कमाल वजन १०० किलोपर्यंतच. विक्रेता ‘२०० किलोचा, १० ग्रॅमचा, तिसरा वर्ग’ असं सांगत असेल तर डिस्प्लेवर १० ग्रॅम दिसतील, पण पडताळणीचा ‘ई’ वेगळा असेल. पाटीवरचा ‘ई’ वाचा, डिस्प्लेवरचा शेवटचा आकडा नव्हे. किटलीनं दूध घालणाऱ्यांसाठी ३० किंवा ६० किलोचा काटा पुरतो. चाळीस लिटरचे कॅन मोजायला वेगळा मोठा काटा ठेवावा. एकाच काट्यावर दोन्ही कामं करायला गेलं की लहानाचं नुकसान होतं.

काट्याची पडताळणी दर वर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून करून घ्यायची असते. शिक्का आणि प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे. पण वर्षातल्या एका दिवशी बरोबर असलेला काटा रोज बरोबर असतोच असं नाही. फरशी समतल नसणं, प्लॅटफॉर्म भिंतीला किंवा कॅनला टेकणं, लोडसेलखाली (वजन ओळखणाऱ्या भागाखाली) सांडलेलं दूध वाळून घट्ट होणं, वर फिरणारा पंखा, ही नेहमीची कारणं. संस्थेत शिक्क्याचं ५ किलोचं एक वजन असावं आणि पाळी सुरू होण्याआधी ते मध्ये आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावं. दोन मिनिटांचं काम आहे. कोपऱ्यांचे आकडे जुळले नाहीत तर तो काटा त्या दिवशी वापरू नये.

किलो आणि लिटरचा घोळ वेगळाच. काटा किलो दाखवतो, दर बहुतेक ठिकाणी लिटरचा. दुधाचं विशिष्ट गुरुत्व १.०३ च्या आसपास, म्हणून १० किलो दूध म्हणजे ९.७१ लिटर. हे रूपांतर एकदाच व्हायला हवं. काही संचांत काट्याच्या इंडिकेटरमध्येही लिटरची सोय असते आणि सॉफ्टवेअरमध्येही. दोन्हीकडं चालू राहिली तर १.०३ नं दोनदा भागलं जातं आणि जवळजवळ तीन टक्के दूध कागदावरच आटतं. नवा संच बसवल्यावर १० किलोचं शिक्क्याचं वजन ठेवून पावती काढून पाहा. ९.७१ यायला हवेत. ९.४३ आले तर रूपांतर दोनदा होतंय.

आता मिल्कोमीटर. आपल्याकडच्या संस्थांत दिसतात ते बहुतेक अल्ट्रासॉनिक तत्त्वावरचे. ध्वनिलहरी दुधातून किती वेगानं जातात यावरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढलं जातं, आणि मिनिटाच्या आत आकडा येतो. जुन्या पद्धतीत गर्बर यंत्रावर, म्हणजे दुधात आम्ल घालून आणि फिरवून, फॅट नंतर निघायची आणि उत्पादक घरी गेलेला असायचा. आकडा माणसासमोर निघतो हा या यंत्राचा सगळ्यात मोठा गुण, आणि तेवढ्यासाठी तरी ते घ्यावं. फॅटमध्ये साधारण अधिक-उणे ०.१ इतकी अचूकता कंपन्या सांगतात. ०.१ म्हणजे किती, ते पाहा. उदाहरणादाखल किलो फॅटला ८०० रुपये धरले, तर लिटरमागं सुमारे ८२ पैसे. पाळीला ४०० लिटर घेणाऱ्या संस्थेत सगळ्यांची फॅट ०.१ नं कमी लागत राहिली तर दिवसाला साडेसहाशे रुपये, दहा दिवसांच्या बिलात साडेसहा हजार. यंत्र एकाला वर आणि एकाला खाली दाखवत असेल तर तो यंत्राचा स्वभाव. सगळ्यांना एकाच बाजूला दाखवत असेल तर ते सेटिंग आहे, आणि ते दुरुस्त होतं.

सेटिंग म्हणजे करेक्शन. प्रत्येक मिल्कोमीटरमध्ये गाय आणि म्हैस यांची वेगळी चॅनेल असतात आणि प्रत्येकात फॅट, एसएनएफला अधिक-उणे करायची सोय असते. ती हवीच, कारण पंप झिजतो, सेन्सरवर थर बसतो आणि कारखान्यात लावलेलं कॅलिब्रेशन आपल्या पंढरपुरी किंवा मुऱ्हा म्हशीच्या दुधाला तंतोतंत बसत नाही. पण हीच सोय कीपॅडवर चार बटणं दाबून कुणालाही वापरता येत असेल तर संपूर्ण संचावरचा विश्वास संपला. पासवर्ड सचिवाकडं एकट्याकडं नसावा. संचालक मंडळातला एक आणि उत्पादक सभासदांतला एक असे दोघे असतानाच करेक्शन बदलावं. तारीख, आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि ज्या गर्बर तपासणीवरून बदललं तिचा निकाल वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. संच निवडताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: करेक्शन केव्हा बदललं याची नोंद यंत्रात राहते का, आणि ती छापून काढता येते का? ज्या संचात ती राहते तो थोडा महाग असला तरी घ्यावा.

यंत्र चुकतं ते बहुतेक वेळा नमुन्यामुळं. आपल्याकडं धार काढली की किटली उचलून थेट संस्थेत, म्हणजे दूध कोमट आणि फेसाळ. हवेचे बुडबुडे सेन्सरमध्ये गेले की आकडा भरकटतो. म्हणून अल्ट्रासॉनिक स्टरर लागतो. नमुना त्यात काही सेकंद ठेवला की हवा निघून जाते. काही संस्था खर्च वाचवायला स्टरर गाळतात, आणि मग एकाच दुधाची फॅट दोनदा लावली तर दोन आकडे येतात. स्टररशिवाय संच घेऊ नका. उलट, संध्याकाळचं दूध घरी ठेवून सकाळी आणलं तर साय वर आलेली असते. ते नीट ढवळल्याशिवाय वरून नमुना घेतला तर फॅट जास्त लागते, तळातून घेतला तर कमी. आंबट व्हायला लागलेल्या दुधाचा आकडा तर धरूच नये.

रांगेत पहिला असलेल्याचं एक खास नुकसान होतं, ते फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. पाळीआधी यंत्र पाण्यानं धुतलेलं असतं. नळीत आणि सेन्सरमध्ये राहिलेलं पाणी पहिल्या नमुन्यात मिसळतं आणि फॅट, एसएनएफ दोन्ही खाली येतात. कधी कधी ‘पाणी’ या रकान्यातही आकडा उमटतो आणि माणसावर नाहक आळ येतो. उपाय सोपा आहे. पहिल्या किटलीतला नमुना एकदा नुसता फिरवून टाकावा आणि दुसऱ्यांदा लावलेला आकडा धरावा. मध्येच रांग थांबली आणि यंत्र धुतलं तरी हेच करावं.

धुण्यात हयगय झाली की यंत्र आठवड्याभरात खराब आकडे देऊ लागतं. पाळी संपली की आधी कोमट स्वच्छ पाणी, मग कंपनीनं दिलेलं रोजचं अल्कलीचं द्रावण, पुन्हा पाणी. दुधातल्या क्षारांचा थर अल्कलीनं जात नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा आम्लाचं द्रावण फिरवावं लागतं. कपड्याच्या साबणाची पावडर वापरू नये, तिचा फेस नळीत राहतो. बोअरचं जड पाणी असलेल्या शिरोळ, हातकणंगल्याकडच्या गावांत शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्यानं करावं. पंपाची रबरी नळी झिजते. नमुना ओढायला वेळ लागू लागला की ती बदलायची, आणि एक जादाची कायम कपाटात असायला हवी.

आठवड्यातून एकदा गर्बरशी ताळा घेतल्याशिवाय मिल्कोमीटरवर विसंबू नये. कमी, मध्यम आणि जास्त फॅटचे तीन नमुने घ्या. ब्युटायरोमीटरमध्ये (फॅट वाचायच्या खुणांच्या काचेच्या नळीत) आधी १० मिली गंधकाम्ल, मग कडेनं सावकाश १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाईल अल्कोहोल. बूच लावून, कापडात धरून मिसळा, कारण ते चांगलंच तापतं. सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ११०० फेऱ्यांना चार-पाच मिनिटं फिरवा आणि ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचा. फॅटच्या खाली काळे करपलेले कण दिसले तर आम्ल जास्त तीव्र आहे, पांढरट दह्यासारखा थर दिसला तर कमजोर. दोन्ही वेळा तो निकाल टाकून द्या. आम्लाचं विशिष्ट गुरुत्व २७ अंशांना १.८०७ ते १.८१२ हवं. बाटली उघडी राहिली की ते हवेतली ओल ओढतं आणि पातळ होतं. गगनबावडा, राधानगरी, भुदरगडच्या पावसात हे फार लवकर होतं. तिन्ही नमुन्यांत मिल्कोमीटर एकाच बाजूला ०.१ पेक्षा जास्त चुकत असेल तर करेक्शन करा. एकात वर आणि एकात खाली असेल तर करेक्शननं काही होणार नाही. आधी सेन्सर साफ करा.

एसएनएफचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे, कारण इथं यंत्र बरोबर असूनही पैसे जाऊ शकतात. संस्थेत मिल्कोमीटर एसएनएफ थेट देतो, पण अनेक ठिकाणी अजून लॅक्टोमीटरची (दुधाचा दाटपणा मोजणाऱ्या काचेच्या नळीची) डिग्री घेऊन सूत्रानं एसएनएफ काढतात. सूत्रं एकाहून जास्त वापरात आहेत. एक: सीएलआर (तापमानाची दुरुस्ती केलेली लॅक्टोमीटरची डिग्री) भागिले ४, अधिक ०.२५ गुणिले फॅट, अधिक ०.४४. दुसरं: सीएलआर भागिले ४, अधिक ०.२१ गुणिले फॅट, अधिक ०.३६. म्हशीच्या दुधाची फॅट ६.५ आणि डिग्री २९ असेल तर पहिल्या सूत्रानं ९.३ येतं आणि दुसऱ्यानं ८.९८. दूध तेच, पण दरपत्रक ९.० एसएनएफवर बेतलेलं असेल तर एका सूत्रानं पूर्ण दर आणि दुसऱ्यानं कपात. तेव्हा संघ ज्या सूत्रानं संस्थेला पैसे देतो तेच सूत्र संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का, हे सभासदांनी वार्षिक सभेत विचारावं आणि सूत्र दरपत्रकाशेजारी लावायला सांगावं. लॅक्टोमीटर २७ अंशांचा असेल तर तापमानाची दुरुस्तीही हवी. दूध त्याहून गरम असेल तर प्रत्येक अंशाला सुमारे ०.२ डिग्री मिळवायची असते. कोमट दुधात लॅक्टोमीटर बुडवून तसाच आकडा लिहिला की उत्पादकाची डिग्री फुकट गेली.

नमुन्याच्या दुधाचं काय होतं, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. वजनाआधी किटलीतून ५० मिली काढले तर दोन पाळ्यांचे वर्षात साडेछत्तीस लिटर होतात. आधी सगळं दूध मोजायचं, मोजलेल्या भांड्यातून नमुना घ्यायचा, हाच क्रम ठेवावा. तरीही नमुन्याचं दूध संस्थेत साठतं आणि विकलंही जातं. त्याचा हिशोब वेगळ्या रकान्यात दिसायला हवा.

सॉफ्टवेअरमध्ये दोनच गोष्टी महत्त्वाच्या, बाकीची सजावट. वजन आणि फॅट यंत्रातून थेट येतात की बोटानं टाकता येतात? बिघाडाच्या वेळी हातानं टाकण्याची सोय लागते, पण तशी नोंद पावतीवर वेगळी खूण होऊन उमटली पाहिजे. आणि डिस्प्ले उत्पादकाकडं तोंड करून हवा, टेबलामागं नको. पावतीवर सभासद क्रमांक, पाळी, गाय की म्हैस, माप आणि त्याचं एकक, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम एवढं पुरे. मोबाईलवर संदेश येतो म्हणून कागदी पावती बंद करू नये. संध्याकाळी दूध घालायला येतात त्या बऱ्याचदा घरातल्या बायका, आणि संदेश जातो तो कर्त्या पुरुषाच्या फोनवर. ज्यानं दूध घातलं त्याच्या हातात आकडा पडला पाहिजे. २०२४ साली राज्य सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागं अनुदान दिलं तेव्हा जनावराचा कानातला बिल्ला, बँक खातं आणि संस्थेची ऑनलाइन नोंद जुळणं गरजेचं होतं. अशा वेळी व्यवस्थित डेटा ठेवणारा संच उत्पादकाच्या थेट कामी येतो.

या संचाची एक मर्यादा कुठल्याच जाहिरातीत सापडत नाही. मीठ, साखर किंवा युरिया घालून वाढवलेलं एसएनएफ साधा अल्ट्रासॉनिक मिल्कोमीटर खरं समजू शकतो. त्याचा भुर्दंड प्रामाणिक सभासदांवर बसतो, कारण संघाकडं पूर्ण संस्थेचंच दूध नापास होतं. म्हणून भेसळ तपासणीचं किट वेगळं ठेवून अचानक नमुने घेत राहणं संस्थेचं काम आहे.

‘वाढ झाली तर दिवाळीला फरकात परत मिळतेच की’ असं संस्थेत ऐकायला मिळतं. १९६३ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघापासून, म्हणजे आजच्या गोकुळपासून, वारणा दूध संघापर्यंत या जिल्ह्यात सहकाराचा पाया भक्कम आहे, आणि दूध फरक, म्हणजे दिवाळीला उत्पादकांना वाटली जाणारी जादा रक्कम, ही चांगली प्रथा आहे. पण फरक लिटरवर किंवा बिलावर वाटला जातो. माप ज्याचं जास्त तुटलं त्यालाच जास्त परत मिळत नाही. दीड लिटरवाल्याचं प्रमाणानं सगळ्यात जास्त तुटतं आणि फरकात त्याचा वाटा सगळ्यात कमी. शिवाय तो पैसा दिवाळीला मिळतो, पेंडीचं पोतं मात्र आज घ्यायचं असतं.

उत्पादकानंही यंत्राकडं न्यायानं पाहायला हवं. सकाळच्या आणि संध्याकाळच्या फॅटमध्ये फरक असतोच. दोन वेळा धार काढण्यामधलं अंतर जितकं जास्त तितकी फॅट कमी. एकाच वेळच्या दुधातही पहिल्या धारेत फॅट कमी आणि शेवटच्या धारेत जास्त असते. शेवटचं दूध पाडसाला सोडलं तर संस्थेत आकडा उतरणारच. ओला चारा एकदम वाढला, कोरडी वैरण तुटली, म्हैस माजावर आली, तरी दोन-चार पॉइंट (०.२ ते ०.४ फॅट) हलतात. एका पाळीच्या उतारावरून भांडू नये. सलग पाच-सहा पाळ्या उतार राहिला आणि शेजाऱ्यांचाही राहिला, तर शंका खरी.

शंका आली की काय करायचं, तेही ठरलेलं असावं. त्याच नमुन्याचं यंत्रावर तीनदा वाचन मागा. तिन्हींत ०.१ पेक्षा जास्त तफावत असेल तर यंत्र थांबवून धुवायला लावा. तिन्ही आकडे जुळले तरी पटत नसेल तर नीट ढवळलेल्या दुधाच्या दोन बाटल्या भरा, दोन्हींवर तारीख, पाळी आणि सभासद क्रमांक लिहा. एक संस्थेत गर्बरवर लावा, दुसरी बर्फात ठेवून त्याच दिवशी संघाच्या चिलिंग सेंटरला पाठवा. तीन वाचनांच्या पावत्या जपून ठेवा. वजनाबद्दल शंका असेल तर शिक्क्याचं वजन मागायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे असा ठराव मंडळात आधीच करून घ्या, आणि तरीही समाधान झालं नाही तर वैधमापनच्या जिल्हा कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जात काट्याच्या पाटीवरचे चारही आकडे आणि शेवटच्या शिक्क्याची तारीख लिहायला विसरू नका.